वार सांगा

आमच्या घरात 'परवा' या शब्दाला कुणी मान देत नसे, आणि त्याला कारण मी. मी पोलिसात, त्यातही खुनाचे तपास करणाऱ्या शाखेत. मुलगी लहान असताना बागेत कधी जायचं म्हणाली की मी म्हणे, परवा. चपलेचा अंगठा तुटला, तर परवा आणू. शाळेचं गॅदरिंग परवा आहे ना, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाली, काल झालं. मुलगी कळती झाली तसं तिनं एक वाक्यच तयार केलं आणि पाहुण्यारावळ्यांसमोर ते ऐकवू लागली : "आमच्या आईचा परवा कॅलेंडरात नसतो." नवरा शाळामास्तर, त्याला असली वाक्यं फार आवडत. तो हसायचा आणि मी चिडायचे. चिडण्यात मात्र मी कधी आज-उद्या केलं नाही.

त्याच मुलीचं लग्न ठरलं तेव्हा तिनं मला समोर बसवलं आणि अट घातली. हळदीच्या सकाळपासून पाठवणीपर्यंत मोबाईल बंद, आणि तू माझ्यासमोर. मी हो म्हणाले. तुळशीचं लग्न झाल्यावर लगेच मुहूर्त होता, शनिवारी हळद आणि रविवारी लग्न. शहराच्या छावणी भागातल्या आमच्या भाड्याच्या घरापुढं मांडव घालायचं ठरलं, आणि साहेबांकडून मी शुक्रवारपासून रजा मंजूर करून घेतली.

त्याच आठवड्यात बुधवारी सकाळी चितेगावजवळ प्रेत सापडलं.

पैठण रस्त्यावर छोटे छोटे कारखाने आहेत, त्यातल्या एकाच्या मागच्या चरात. तिथलाच सुपरवायझर होता तो, डोक्यात लोखंडी पाइपचा घाव. डॉक्टरांनी सांगितलं, मंगळवारी संध्याकाळचं काम आहे. त्याची बायको जमिनीवर बसून होती, तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. तिच्या बहिणीचा नवरा, म्हणजे मेलेल्याचा साडू, मात्र शवागाराच्या दारात सगळ्या गावाला ऐकू जाईल असा रडत होता. मी त्याला पाणी दिलं. दसऱ्यानंतर आपण चितेगावकडं फिरकलोही नव्हतो, शेवटची भेटसुद्धा झाली नाही, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

गुरुवारी माझ्या फौजदारानं आरोपी आणला. माणूस चांगला, कामाला वाघ, फक्त कोकणातून नुकताच बदलून आलेला. कारखान्याच्या गेटासमोर एका चाचीची चहाची टपरी होती. त्यानं तिचा जबाब घेतला होता आणि आमच्या रिवाजाप्रमाणे तो शुद्ध मराठीत लिहून काढला होता. 'परवा गेटसमोर मयत व सदर इसम यांचे भांडण झाले. सदर इसमाने तुला बघून घेतो अशी धमकी दिली.' गुरुवारचा परवा म्हणजे मंगळवार. मंगळवार म्हणजे खुनाचा दिवस. सदर इसम हा त्याच कारखान्यात प्रेसवर काम करणारा पोरगा होता, आमच्या मुलीच्याच वयाचा, बजाजनगरात चौघांत एक खोली करून राहणारा. सुपरवायझरनं त्याला कामावरून काढलं होतं. भांडण झालं, धमकी दिली, संध्याकाळी माणूस मेला. याहून सरळ तपास कुठला असणार?

मी पोरासमोर बसले तर तो म्हणाला, "भांडलो की मॅडम. शिव्याबी दिल्या, आयमायवरून दिल्या. पन ते लई आधी. मंगळवारी मी गावाकडं व्हतो, कापूस येचायला."

"कोण सांगेल?"

"आई."

आई सगळ्याच आरोपींना असते आणि सगळ्याच आया तेच सांगतात. ही जालन्याकडच्या खेड्यातून पहिल्या एसटीनं आली होती आणि आमच्या पोलीस कार्यालयाच्या फाटकासमोरच्या लिंबाखाली बसली होती. मी गाडीतून उतरले की ती उठायची. "बाई, मंगळवारी दिवसभर ते माह्यासंगं कापसात व्हतं. पाटलाच्या रानात. इचारा कुनालाबी." आम्ही विचारलं होतं. पाटलाच्या रानात चाळीसेक माणसं वेचणीला होती, ती रोज बदलायची, आणि कोणता पोरगा सोमवारी होता नि कोणता मंगळवारी, हे कुणीच छातीठोक सांगेना. तेव्हा मोबाईलही प्रत्येकाच्या खिशात नव्हते, की तो कुठं होता ते पाहावं.

कोर्टानं सोमवारपर्यंत कोठडी दिली. साहेब म्हणाले, "साक्षीदार पक्की आहे, आरोपी आत आहे. तुम्ही पोरीचं लग्न करा मॅडम."

मला ते पटायला हवं होतं आणि पटत नव्हतं. खून केलेला माणूस भांडण नाकारतो, निदान कमी करून सांगतो. हा आयमायवरून शिव्या दिल्याचं आपणहून सांगत होता आणि एवढ्या एकाच गोष्टीला चिकटून होता की ते लई आधी. गेटावरच्या वॉचमनला मंगळवारचं भांडण आठवत नव्हतं. वॉचमनला काहीच आठवत नसतं, असं फौजदार म्हणाला. सोमवारी कोठडी संपली की तो पोरगा हर्सूलच्या तुरुंगात जाणार होता. एकदा तिथं गेलेल्या गरिबाला जामीन द्यायला कुणी येत नाही. खटला उभा राहीपर्यंत वर्षं जातात, आणि सुटला तरी त्याच्या नावापुढं 'खुनी' लागतं ते लागतंच. हे मी इतक्यांदा पाहिलं होतं की शुक्रवारी मांडवाला आंब्याचे डहाळे बांधतानाही माझं चित्त तिथंच होतं. नवरा म्हणाला, "डहाळा उलटा बांधलायस." मी त्याच्यावर ओरडले. डहाळा खरंच उलटा होता.

शनिवारी सकाळी देवक बसलं. नवरा आणि मी पाटावर बसलो, भटजींनी सगळं यथासांग केलं, आणि सासूबाईंनी लगेच बजावलं, "आता देवक उठंपर्यंत दोघांनीबी शीव वलांडायची नाय. ध्यानात ठिवा." बजावलं दोघांना, पाहिलं माझ्याकडं. मी मोबाईल बंद करून त्यांच्याच हातात दिला. त्यांनी तो तांदळाच्या डब्यात ठेवला.

मग हळद सुरू झाली. मुलगी पाटावर बसली, हातात हिरवा चुडा, तोंडभर हळद. बायका गाणी म्हणत होत्या. मांडवाच्या कडेला खुर्चीवर आमच्या शेजारच्या खाला बसल्या होत्या. छावणीत आम्ही राहायला आलो तेव्हापासूनचा शेजार. मी ड्युटीवर असायचे तेव्हा ही पोरगी खालांच्याच ओट्यावर वाढली. तिथंच जेवली, तिथंच झोपली. खाला तिच्याकडं बघत होत्या आणि डोळे पुसत होत्या.

"परसों तो मेरे ओटे पे बैठके मिट्टी के लाडू बेच रही थी," त्या म्हणाल्या. "परसों."

सासूबाई कुणाचंही चुकलेलं सहन करत नाहीत, स्वतःचं सोडून. "परवा?" त्या म्हणाल्या. "परवा तर ती हापिसात गेल्ती. आन लाडूला झाली की वीस वर्सं."

"हौ अम्मा, वोईच बोल रही ना मैं. परसों."

बायका हसल्या. मीही हसले आणि हसता हसता थांबले. माझ्या दोन्ही हातांना हळद होती, ती तशीच राहिली.

मी मराठवाड्याची. आमच्या गावाची अर्धी आळी दखनी बोलणारी. दखनीत काल म्हणजे काल, पण परसों म्हणजे परवा असेलच असं नाही. मागं कधीतरी झालेलं सगळंच परसों. मागचा आठवडा परसों, मागची ईद परसों, लहानपणसुद्धा परसों. हे मला शिकवावं लागलं नव्हतं, आणि कोकणातून आलेल्या माणसाला ते कुणी शिकवलं नव्हतं. मला चाचीचा शब्द ऐकायला मिळालाच नव्हता. मी वाचलं होतं ते फौजदाराचं मराठी.

मी उठले आणि खालांच्या घरात गेले. त्यांच्या फोनवरून फौजदाराला गाठलं. रिसीव्हर पिवळाधमक झाला.

"चाची काय म्हणाली होती?"

"मॅडम, आज हळद ना तुमच्याकडे?"

"काय म्हणाली होती?"

"परवा भांडण झालं म्हणाली."

"तिच्या तोंडचा शब्द सांग."

"परसों झगडा हुआ, असं म्हणाली. म्हणजे परवाच ना मॅडम?"

मी त्याला तिथंच सोलून काढणार होते. पण त्याचं काय चुकलं होतं? हिंदीत परसों म्हणजे परवाच. हिंदी सिनेमा बघून वाढलेला कुठलाही माणूस हेच लिहिणार. मी म्हणाले, "गाडी घेऊन घरी ये. आपण चितेगावला जातोय."

बाई साक्षीदाराला ठाण्यात बोलवायचं नसतं, तिच्या दारी जायचं असतं, हा कायदा. तेव्हा जायला मलाच हवं होतं. दुसऱ्या कुणाला पाठवलं असतं तर पुन्हा कुणीतरी शुद्ध मराठीत काहीतरी लिहून आणलं असतं. बाहेर येऊन मी सांगितलं की मी तासा-दोन तासांत जाऊन येते.

"देवक बसलंय," सासूबाई म्हणाल्या. "शीव वलांडशील तर पोरीला भोगावं लागंल. मग मला इचारू नको."

मी देवभोळी नाही, पण आई आहे. ते वाक्य मला लागलं नाही, असं खोटं कशाला सांगू? एका बाजूला माझी मुलगी पाटावर बसलेली, दुसऱ्या बाजूला लिंबाखाली बसलेल्या बाईचा मुलगा.

तेवढ्यात नवऱ्यानं तोंड उघडलं. संसारात इतक्या वेळेवर तो क्वचित बोलला आहे. "आई, चितेगाव कुणाच्या हद्दीत येतं माहितीय का? हिच्या. तिथला खून हिच्याकडंच आलाय ना? पोलिसाची हद्द तीच त्याची शीव. ती शीव ओलांडतच नाहीय."

सासूबाईंनी त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "मास्तर झाला म्हून काय कायबी शिकवतो व्हय रं?" त्या म्हणाल्या. मग तांदळाच्या डब्यात हात घालून त्यांनी मोबाईल काढला आणि मला दिला. "हद्दीतच ऱ्हा मंग."

मुलीकडं बघायचं धैर्य मला होत नव्हतं. तीच म्हणाली, "आई, कधी येशील? परवा?"

"संध्याकाळच्या आत."

"हळद धुऊ नको," ती म्हणाली. "तशीच जा."

म्हणून मी तशीच गेले. पिवळी साडी, कपाळाला, गालांना, कोपरांपर्यंत हळद. फौजदारानं गाडीचं दार उघडलं आणि एक अक्षर बोलला नाही. शहाणा माणूस.

चाचीनं मला पोलीस म्हणून ओळखलंच नाही. गुरुवारी वर्दीतल्या माणसांना बघून ती दोन वाक्यांत गप्प झाली होती. आता तिनं मला बघितलं आणि चहाचं भांडं खाली ठेवलं. "अरे! शादी का घर छोड़के आये क्या तुम?"

"बेटी की है. कल."

"या अल्ला. बैठो." तिनं तिची स्वतःची बाज टपरीमागून ओढून आणली आणि माझ्या हळदीच्या हातात चहा दिला. तिला तीन मुली, दोघींची लग्नं झालेली, तिसरीचं जमत नव्हतं. ते सगळं मी ऐकून घेतलं. मग विचारलं, "चाची, वो लड़के का झगड़ा परसों हुआ बोले ना तुम?"

"हौ. परसों."

"परसों बोले तो कब?"

"अब परसों बोले तो," ती हातवारे करत म्हणाली, "बहुत दिन हो गये. तुम लोगां की दिवाली के पहले. लड़का छुट्टी माँगा, गाँव जाने को. साब नै दिये. तो लड़का गालियाँ दिया, देख लेता तेरे को बोला, और चला गया. उसके बाद मैं देखीच नै उसको."

फौजदार माझ्या मागं उभा होता. मी मागं वळून पाहिलं नाही.

"और चाची, मंगलवार को? जिस दिन साब मरे?"

"उस दिन का तो मेरे को कोई पूछाच नै," ती जरा रागानंच म्हणाली. "उस दिन कुच झगड़ा-बिगड़ा नै. उस दिन तो साब का साडू आया था. वो मोटरसायकल पे आता ना, वोईच. शाम को. दो चाय बोला, दोनों पीछे के तरफ चले गये, चाय वैसीच पड़ी रही. मैं फेंक दी."

दसऱ्यानंतर चितेगावकडं न फिरकलेला साडू. शवागाराच्या दारात सगळ्यांत मोठ्यानं रडणारा, ज्याला मी माझ्या हातानं पाणी दिलं होतं. सासऱ्याच्या प्लॉटवरून दोघा जावयांत धुसफूस आहे, असं कुणीतरी आमच्या कानावर घातलं होतं आणि आरोपी आत असल्यामुळं आम्ही ते बाजूला ठेवलं होतं.

मी जबाब तिथंच बाजेवर बसून घेतला. फौजदार लिहीत होता, मी सांगत होते : जसं बोलते तसं लिही, तिचे शब्द, तिची भाषा. परसों लिही, आणि पुढं तिनं सांगितलेली दिवाळी लिही. मग मंगळवार लिही. चाचीनं अंगठा लावला. तिच्या अंगठ्याला माझी हळद लागली होती, ती कागदावर शाईच्या बाजूला उमटली. तो कागद तसाच कोर्टात गेला.

परतताना मी फौजदाराला म्हणाले, "साडूला आता तू आण. मी उद्या लग्नात असेन आणि माझा फोन तांदळाच्या डब्यात असेल. हे तुझं काम."

"करतो मॅडम," तो म्हणाला. मग मांडीवरच्या जबाबाकडं बघत म्हणाला, "तो पोरगा पहिल्या दिवसापासून हेच सांगत होता."

घरी जाण्याआधी मी गाडी कार्यालयाच्या फाटकाशी थांबवली. ती बाई लिंबाखाली होतीच. माझ्या अंगावरची हळद बघून ती उठली आणि तशीच उभी राहिली. मी म्हणाले, "तुमच्या मुलानं केलेलं नाही. आम्हाला कळलंय. कोर्टात सांगावं लागेल, मग सुटेल."

"कवा सोडता, बाई?"

"परवा."

तिनं माझा हात धरला. राबून राबून खरखरीत झालेला हात, बोटांना कापसाच्या बोंडांचे ओरखडे. "परवा नगं म्हनू, बाई," ती म्हणाली. "त्या परवानंच तर माहं लेकरू आत गेलं. तुमचे शिपाई बोलले मला, जबाबात परवा लिवलंय म्हनून. वार सांगा."

पोलिसात इतकी वर्षं काढली, कुणी माझ्याशी असं बोललं नव्हतं. साहेबही नाही. मला राग यायला हवा होता. आला नाही. मी म्हणाले, "सोमवार. दुपारी. मी स्वतः असेन."

"सोमवार," ती म्हणाली आणि माझा हात सोडला.

संध्याकाळच्या आत मी मांडवात होते. सासूबाईंनी माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. रविवारी लग्न लागलं. मी मुलीच्या मागं उभी होते आणि अक्षता टाकताना फोनची आठवण एकदाही काढली नाही. खरं म्हणजे एकदा काढली. दुपारी जेवणाची पंगत उठल्यावर फौजदार लग्नाला आला, इस्त्रीच्या शर्टात, हातात आहेराचं पाकीट. वधूवरांना भेटला, मग माझ्याकडं येऊन हळूच म्हणाला, "साडूनं कबूल केलंय मॅडम. शर्ट त्याच्या शेतातल्या कडब्याच्या गंजीत सापडला. रक्ताचा." मी म्हणाले, "जिलेबी खाऊन जा."

पाठवणीच्या वेळी सगळ्या बायका रडत होत्या. मुलगी रडत नव्हती. ती माझ्यावर गेलेली आहे, अशा वेळी दात आवळून धरते. गाडीत बसताना तिनं काच खाली केली, आणि ती काहीतरी विचारणार आहे, हे मला तिच्या तोंडावरून दिसलं. मुलगी सासरी गेली की आईबापांनी तिला माहेरी आणायला जायचं असतं. तिचा प्रश्न तोच होता, आणि उत्तर आयुष्यभर तिनं एकच ऐकलं होतं. तिनं तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, "मंगळवारी. सकाळी दहाला मी दारात असेन."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग रडायला लागली, लहानपणी चपलेसाठी रडायची तशी, मोठ्यानं. जावईबापू घाबरले.

सोमवारी कोर्टात आम्ही अहवाल दिला आणि दुपारी त्या पोराला सोडलं. तो बाहेर आला आणि उन्हात डोळे मिटून उभा राहिला. मला काही बोलला नाही. बोलायचं होतं ते पहिल्याच दिवशी बोलून झालं होतं त्याचं. आईनं त्याच्या हाताला धरलं आणि दोघं बसस्टँडच्या दिशेनं चालायला लागले. थोडं पुढं गेल्यावर ती बाई थांबली, मागं वळली आणि तिथूनच ओरडून म्हणाली, "सोमवारच हाय की वो, बाई!"

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत माझ्या हाताखालच्या कुठल्याही जबाबात काल, परवा आणि त्या दिवशी हे शब्द नुसते चालले नाहीत. शेजारी वार लागायचा. नव्या पोरांना वाटायचं, मॅडम खडूस आहेत. होतेच.

मंगळवारी सकाळी नवरा आणि मी मुलीच्या सासरी पोचलो तेव्हा दहाला अजून थोडा अवकाश होता. बेल वाजवायच्या आतच दार उघडलं. तीच उभी होती, हातात चुडा, आणि पायाशी भरून ठेवलेली बॅग.